एका ब्रॅकेटचा दिवस

आज दिवसभर विमानाच्या एकाच टायटेनियम ब्रॅकेटच्या (भाग धरून ठेवणाऱ्या आधाराच्या) कागदपत्रांत डोकं घालून बसलो होतो. मापं अगदी अचूक, पण धातू नव्या पुरवठादाराकडचा, म्हणून पहिल्या नगाची तपासणी पुन्हा.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर रशियन टायटेनियमचा भरवसा राहिला नाही. आणि मागणी? बोइंग ७८७ विमानाच्या वजनात निम्मा वाटा कंपोझिटचा, म्हणजे मुख्यतः कार्बन फायबर घातलेल्या प्लास्टिकचा; कार्बन फायबरला ॲल्युमिनियम टेकलं की ते गंजतं, म्हणून तिथे टायटेनियमच लागतं. दुसरा पुरवठादार म्हणजे नुसता दुसरा फोन नंबर नव्हे! चाचण्या, प्रमाणपत्रं, ग्राहकाची मंजुरी, यात महिने जातात. छोट्या कारखान्यांनी नव्या मशीनआधी ही मंजुरी मिळवावी, असं मला मनापासून वाटतं. पैसा अडकतो, खरंय. तरी उद्या साहेबांशी हेच बोलणार आहे.