चार बोटं नळी

भंडाऱ्याकडच्या एका राईस मिलमध्ये तुसावर चालणारा गॅसिफायर आहे, म्हणजे तूस कमी हवेत अर्धवट जाळून जळाऊ गॅस करणारी भट्टी. त्याच्या गॅसवर इंजिन. गॅसमध्ये टार, म्हणजे तो चिकट काळा पदार्थ, किती ते मोजायला गेले, तर मालककाका हसले. “धूर दिसून राहिला का ताई? मग कायचा टार?”

गॅस तापलेला असतो तोवर टार वाफेतच असतो, दिसणार कुठून? गार झाला की व्हॉल्व्हला चिकटून बसतो. इंजिनला घनमीटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आतच टार चालतो, असं साधारण धरतात. स्क्रबरच्या, म्हणजे गॅस धुणाऱ्या यंत्राच्या आधी मात्र अशा डाउनड्राफ्ट (गॅस खालून काढणाऱ्या) गॅसिफायरमध्ये तो ग्रॅमभर सहज निघतो.

मोजायची पद्धत युरोपातली, पण आम्हीही तीच वापरतो. 300 अंशांवर तापवलेली नळी, तापवलेला फिल्टर, मग ओळीनं सहा बाटल्या. बाटल्यांत टार विरघळवून घेणारा द्रावक, आयसोप्रोपेनॉल, त्यातल्या काही उणे 20 अंशांवर. लॅबमध्ये चिलर असतो. मिलमध्ये काय, बर्फ आणि खडेमीठ, कुल्फीवाल्यासारखं. गळ्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, कारण गॅसमध्ये तो वीसेक टक्के असतो आणि त्याला वास नसतो.

परत येऊन द्रावक उडवला, उरलेलं वजन केलं. आकडा घनमीटरमागे 300 मिलिग्रॅमच्या आसपास. स्क्रबरच्या आधीच एवढा कमी! मी खूश. शंका यायला हवी होती, आली नाही.

दोन दिवसांनी सामान धुताना फिल्टर आणि पहिली बाटली जोडणाऱ्या एल्बोत, म्हणजे वळणाच्या नळीत, आयसोप्रोपेनॉल ओतलं, तर खालून कोरा चहा आला. नळी तापती ठेवणारी हीटिंग टेप चार बोटं आधीच संपली होती. गुंडाळली मीच. टार त्या गार तुकड्यातच बसला होता. ते धुवण उडवून वजन केलं तर सहाही बाटल्यांपेक्षा जास्त भरलं.

वास मात्र ओळखीचा, आजीच्या ट्रंकेतला. डांबरगोळ्या म्हणजे नॅफ्थलीन, आणि टारमध्ये तेच भरपूर. मराठीत टारला डांबर म्हणतात, म्हणजे आजीला हे आधीच ठाऊक होतं म्हणायचं. गंमत अशी की द्रावक उडवताना थोडं नॅफ्थलीनही उडून जातं. म्हणजे एल्बोचा टार मिळवूनही आकडा कमीच. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना वेगळा लावावा लागतो.

काकांना फोन केला, म्हटलं पुन्हा यावं लागेल, चूक माझीच.

“या ना. पण बर्फ घेऊन या. मागच्या वेळी आमचा फ्रीज रिकामा केला तुम्ही.”