हरायला शिकवणारा गुरू

शिष्याला जिंकायला शिकवणारे गुरू चित्रपटांत पुष्कळ भेटतात. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या १९८६ सालच्या ‘द कलर ऑफ मनी’मधला एडी फेल्सन मात्र आपल्या शिष्याला हरायला शिकवतो, आणि ही विद्या जिंकण्याहून कितीतरी अवघड आहे, हे तो चित्रपट पाहताना पटत जाते.

एडी हा एके काळचा ‘पूल’ या बिलियर्ड्ससारख्या खेळातला पट्टीचा जुगारी. १९६१ च्या ‘द हस्टलर’मध्ये पॉल न्यूमन यांनी त्याचे तारुण्य रंगवले होते, पंचवीस वर्षांनी त्यांनीच त्याचे उतारवय उभे केले. आता एडी दारू विकतो आणि दुसऱ्यांच्या खेळावर पैसे लावतो. अशातच खेळण्यांच्या दुकानात नोकरी करणारा व्हिन्सेंट, म्हणजे टॉम क्रूझ, त्याच्या नजरेस पडतो, आणि त्याच्या हातातली जादू एडीला नोटांच्या भाषेत दिसू लागते.

अड्ड्यावर पैजेने खेळणाऱ्याचे पोट खेळापेक्षा खेळ लपवण्यावर अधिक चालते. आधी थोडक्यात हरायचे, समोरच्याला चढवायचे आणि पैज फुगली की हात मोकळा सोडायचा. ‘नाइन बॉल’ या पूलच्या प्रकारात सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला आधी स्पर्श करावा लागत असला, तरी त्याच फटक्यात नऊ आकड्याचा चेंडू खळग्यात गेला तर डाव तिथेच संपतो, त्यामुळे हार-जीत नशिबाच्या माथी मारायला या खेळात भरपूर वाव आहे. व्हिन्सेंटला हे सगळे समजते, पण सोसत नाही. क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, तलवारीसारखी गरगर फिरवत, गाण्याच्या तालावर नाचत तो समोरच्याचा फडशा पाडतो, तेव्हा एडीचा चेहरा पडतो. ते फटके बहुतेक क्रूझनेच मारले आहेत, हे कळल्यापासून मी तो प्रसंग अधिकच लक्ष देऊन पाहतो. आपले कौशल्य चारचौघांत मुद्दाम झाकून ठेवणे चोविशीतल्या कोणाला जमेल?

त्याहून बोचरा प्रसंग पुढे आहे. फॉरेस्ट व्हिटेकर यांनी साकारलेला एक गबाळा तरुण एडीलाच बावळटपणाचे सोंग दाखवून लुबाडतो. आयुष्यभर जे जाळे विणले, त्यात स्वतःच अडकल्याची लाज न्यूमन यांनी जवळजवळ न बोलता दाखवली आहे. त्यानंतर एडी शिष्याला सोडतो, डोळे तपासून चष्मा घेतो आणि पुन्हा स्वतः खेळू लागतो. चष्म्याचा तो साधासा तपशील मला फार आवडतो.

अटलांटिक सिटीच्या स्पर्धेत एडी व्हिन्सेंटला हरवतो आणि हरखतो. मग व्हिन्सेंट त्याच्यापुढे पैशांचे पाकीट ठेवतो: तो मुद्दाम हरला होता आणि हा एडीचा वाटा होता. गुरूची विद्या गुरूला फळते ती अशी. आणि शिष्याचा यात तसूभरही दोष नाही, उलट त्याने शिकवणीचे चीज केले, असेच मला वाटते.

न्यूमन यांना अभिनयाचे ऑस्कर मिळाले ते याच भूमिकेसाठी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. चित्रपट मात्र दोघांचा खरा, काहीही न लपवता खेळलेला सामना सुरू होताच संपतो. निकाल न दाखवल्याबद्दल काही प्रेक्षक कुरकुरतात. माझ्या मते तो सामना व्हिन्सेंटच जिंकला असणार, आणि एडीलाही ते ठाऊक असावे.