चढवली ती पेटी, बासरी नव्हे

मे महिन्यात नागपुरात ध्वनिमुद्रण कसे चालते, याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. स्टुडिओ म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेआडची थंडगार खोली येते. प्रत्यक्षात माइक उघडा असतो तेवढा वेळ वादकांच्या खोलीतला एसी बंद ठेवावा लागतो, कारण त्याच्या पंख्याची घरघर कंडेन्सर माइक हमखास पकडतो. कूलरचे तर नावच काढायला नको. बाहेरचा आवाज अडवण्यासाठी भिंतींत भरलेले रॉकवूल आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे काम करायचे आणि मग एसी लावून चहा घ्यायचा, अशा हप्त्यांनी आमचा उन्हाळा निघतो. ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे त्या दिवशी हे हप्ते बंद पडले आणि एका जाणत्या बासरीवादकावर बेसूरपणाचा शिक्का बसला. तो शिक्का खोटा आहे, हे मी मोजून दाखवू शकतो. पुसता मात्र अजून आलेला नाही.

आमचा स्टुडिओ मानेवाडा भागात, एका घराच्या तळमजल्यावर आहे. देवीची गाणी, प्रचारगीते, जाहिराती असे सगळेच येते. पण नागपुरातल्या लहान स्टुडिओंचे बरेचसे पोट भीमगीतांवर भरते, हे मान्य केले पाहिजे. १४ एप्रिल, मग बुद्ध पौर्णिमा, मग १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण जागवणारा दीक्षाभूमीवरचा सोहळा, असे आमचे हंगाम ठरलेले असतात. पूर्वी ही गाणी दीक्षाभूमीभोवतीच्या दुकानांतून कॅसेटवर विकली जात, नंतर सीडी आणि पेन ड्राइव्ह आले, आणि आता मोबाइलवरच्या चॅनेलने सगळेच गिळले. गाणे पाहण्याची वस्तू झाल्यापासून पैशांची वाटणीही बदलली आहे: ड्रोनला पैसे असतात, चार वादकांना नसतात. संगीताला दिशा देणारा, टेक निवडणारा, गायकाकडून काम काढून घेणारा जाणता निर्माता तर या खर्चात बसतच नाही. पैसे घालणारा स्वतःला निर्माता म्हणवतो आणि उरलेले सगळे ध्वनिमुद्रकाच्या गळ्यात पडते.

त्या दिवशीचे गाणे बुद्ध पौर्णिमेसाठी होते. लांबी सुमारे सहा मिनिटे, पट्टी काळी चार, आणि प्रत्येक अंतऱ्याआधी बासरीचा एक तुकडा. सकाळी पेटी आणि ढोलकी झाली, तेव्हा खोलीतल्या तापमापकावर २४ अंश होते. पेटीला मी नेहमी दोन माइक लावतो, एक सुरांच्या बाजूने वरून आणि दुसरा भात्याचा श्वास टाळून थोडा तिरका. त्या दिवशी तिचा आवाज फार भरदार आला होता. दुपारी बासरी आणि त्यानंतर गायिका, असा क्रम ठरला होता. गायिकेला संध्याकाळी भंडाऱ्याच्या कार्यक्रमाला निघायचे असल्यामुळे तो पुढे ढकलण्याची सोय नव्हती.

जेवणानंतर व्होल्टेज पडले. आमच्या भागात मे महिन्याच्या दुपारी हे नवे नाही. संगणक आणि प्रीअँप यूपीएसवर असल्यामुळे काम थांबत नाही, पण एसीचा कॉम्प्रेसर काही उचलत नाही. बाहेर पंचेचाळीस अंशांच्या पुढचे ऊन होते, आत पाच माणसे होती, आणि दार उघडावे तर गल्लीतला कूलर माइकमध्ये येत होता. खोली हळूहळू तापत गेली.

बासरीवादक पाचपावलीचे. वयाने मोठे, आकाशवाणीचे बी-हाय श्रेणीचे कलाकार. शहरातले निम्मे वादक त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. पहिला तुकडा त्यांनी एका दमात दिला. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी त्यांनी हेडफोनचा एक कान काढला, बासरीकडे पाहिले आणि मला म्हणाले, "भाऊ, बासरी चढून राहिली. पेटी काही आपली जागा सोडत नाही."

तिसऱ्या तुकड्यापासून मला काचेतून दिसत होते की ते बासरी ओठांवर आतल्या बाजूला वळवून फुंकत आहेत. बांबूच्या आडव्या बासरीला सूर लावण्याची खुंटी नसते आणि सरकवायला सांधाही नसतो. स्वर उतरवायचा झाला तर फुंकीचे छिद्र ओठाने थोडे झाकणे, एवढाच उपाय वादकाच्या हाती असतो. तसे केले की स्वर खाली येतो, पण त्याचा उजेडही जातो. माझ्या बाजूला बसलेल्या निर्मात्याने नेमके तेच धरले. "सर, आवाज दबून राहिला ना यांचा. मोकळं वाजवायला सांगा." मोकळे वाजवले की बासरी चढे, आणि चढली की हाच गृहस्थ तोंड वाकडे करी. गुरुजींनी मागणी एकच केली: उन्हाळ्यासाठी ठेवलेली, थोडी उतरती बासरी घरी आहे, ती घेऊन येतो. पाचपावली ते मानेवाडा उन्हात जाऊन येण्यात तास मोडला असता, आणि स्टुडिओचे भाडे तासावर असते. निर्माता म्हणाला, "काहून जाता गुरुजी? मिक्समधी पाहून घेऊ ना." हे वाक्य उच्चारणाऱ्याला मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, काय पाहतात हे क्वचितच ठाऊक असते. शेवटच्या तुकड्याला तापमापकावर ३५ अंश होते. टेकच्या कागदावर प्रत्येक नोंदीपुढे तापमान लिहिण्याची माझी सवय माइकच्या काळजीपोटी लागलेली आहे. त्या दिवशी ती वेगळ्याच कामी आली.

नंतर गायिका आली. मोकळ्या गळ्याची, मैदानात माइकशिवाय पोहोचेल अशा आवाजाची मुलगी आहे. अंतऱ्यात कुठे शिरायचे याची खूण म्हणून तिच्या कानात बासरी मोठी दिली होती. तासाभरात गाऊन ती निघाली.

रात्री सगळे पट एकत्र लावून ऐकले, तेव्हा विचित्र प्रकार समोर आला. बासरी आणि गळा एकमेकांशी सुरेख जुळले होते. दोघांच्या मध्ये पेटीच कुठून तरी दुसऱ्या गाण्यातून आल्यासारखी वाटत होती. मोजले तर पेटी जागेवर होती, अगदी ४४० च्या, म्हणजे सूर लावण्यासाठी सर्वत्र धरल्या जाणाऱ्या सेकंदाला ४४० कंपनांच्या, हिशेबाने. बासरी पहिल्या तुकड्यात नाममात्र वर होती आणि पुढे चढत चढत शेवटच्या तुकड्यात २० सेंटच्या आसपास पोहोचली होती. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट. वीस सेंटचा फरक अनोळखी कानालाही नाव न देता खुपतो. गायिका प्रत्येक अंतऱ्यात आधीच्या बासरीचा स्वर धरून उठली होती, त्यामुळे तीही तेवढीच वर गेली होती.

याचे कारण शाळेच्या पुस्तकातले आहे. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो: २४ अंशांना तो सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो, ३५ अंशांना सुमारे ३५२. बासरीची लांबी तीच राहते, म्हणून वेग वाढला की स्वर चढतो. नुसत्या गणिताने हा फरक ३० सेंटच्या घरात जातो. वादकाच्या श्वासाने नळीतली हवा आधीच उबदार असल्यामुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो, आणि गुरुजींनी ओठाने जे खाली ओढले तेही त्यातून वजा आहे. पेटीचे स्वर पितळी पट्ट्यांतून निघतात. त्या उष्णतेने चढत नाहीत, झाल्या तर किंचित उतरतात. आणि आमची पेटी तर सकाळच्या गारव्यात वाजलेली होती. १८५९ मध्ये फ्रान्सने स्वराचे सरकारी माप ४३५ ठरवले, तेव्हा त्यासोबत १५ अंश तापमानही लिहून ठेवले होते. आम्ही ४४० चा आकडा घेतला आणि अंशांची बाजू मोकळी सोडली.

आता दुरुस्ती कोणाची करायची, हा प्रश्न होता. रूढ उत्तर तयार असते: पेटी प्रमाण मानायची आणि उरलेल्यांना ओढून तिच्या रेषेवर आणायचे. १९९७ मध्ये सूर दुरुस्त करणारे ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर आले आणि नंतर मेलोडाइन. तेव्हापासून हे काम इतके सोपे झाले आहे की माझे तरुण सहकारी गाणे ऐकण्याआधीच त्यावर सॉफ्टवेअर फिरवतात. मी ते सॉफ्टवेअर वापरतो, त्याच्यावर माझा राग नाही. पण इथे बासरी खाली ओढली असती तर मींडीच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, कडा खरवडल्या गेल्या असत्या, आणि गळा ओढला असता तर ज्या स्वरावर ती मुलगी इतक्या विश्वासाने उभी राहिली होती तो तिच्या पायाखालून काढल्यासारखे झाले असते. शिवाय प्रमाण म्हणून पेटीचा अधिकार तरी केवढा? तिचा शुद्ध गंधार समान विभागणीमुळे, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे, स्वयंभू (नैसर्गिक) गंधारापेक्षा १४ सेंट चढाच असतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती सैल केली नाही. ती बंदी मला कधीच पटली नाही, पण त्या रात्री तिच्यामागची चिडचिड समजली.

मी पेटी चढवली. एकदम नव्हे, कारण बासरीही एकदम चढली नव्हती. संपूर्ण गाण्याच्या लांबीवर एक तिरपी रेष काढली आणि सुरुवातीला जवळजवळ शून्य असलेला चढ शेवटच्या अंतऱ्यापर्यंत २० सेंटवर नेला. प्रत्येक टप्प्यावर बासरीचा न्यास, म्हणजे थांबण्याचा स्वर, कुठे आहे ते पाहून रेष थोडी थोडी वाकवली. तंबोरा यांत्रिक होता, तो नव्याने तुकड्यातुकड्याने घेतला. शेवटी त्याचे माप ४४० ऐवजी ४४५ झाले होते. ढोलकीला हात लावला नाही. तिच्या थापेची धार असल्या प्रक्रियेत पहिल्यांदा जाते, आणि वीस सेंटच्या फरकाने ढोलकी कोणालाही टोचत नाही. पेटीचा मात्र एक जाडसर स्वर प्रक्रियेनंतर थरथरू लागला; तो गाण्यातल्याच दुसऱ्या जागेवरून उचलून तिथे बसवण्यात पहाट झाली. सहा मिनिटांत सबंध गाणे नकळत वर सरकते आणि ऐकणाऱ्याला फक्त एवढेच जाणवते की शेवटाकडे काहीतरी उजळत गेले. इतक्या वर्षांत हातून झालेल्या कामांपैकी मला अभिमान वाटावा असे हे एक काम आहे, आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये हीच त्याची अट होती.

गुरुजींच्या लक्षात आले. गाणे ऐकवायला मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पेटी तापवली काय तुम्ही?" मी हो म्हटले. त्यांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि आतून ती उन्हाळ्याची बासरी आणून माझ्या हातात दिली. तिचे फुंकीचे छिद्र आणि पहिले स्वरछिद्र यांतले अंतर दुसरीपेक्षा केसभर जास्त होते. त्यांनी ती स्वतः बांबूला डाग देऊन बनवली होती, कोणतेही गणित न करता.

दरम्यान निर्मात्याने आपले काम केले होते. त्याच दिवशी मोबाइलवर टिपलेला, उघड्या पेटीवर चढलेल्या बासरीचा तुकडा त्याने शहरातल्या संगीत संयोजकांच्या एका गटात टाकला होता, खाली हसरी चिन्हे लावून. मी त्याला समोर बसवून दोन्ही पट वेगळे ऐकवले, टेकचा कागद दाखवला, अंशांचे आकडे दाखवले, आणि बासरीला एका सेंटचाही हात लावलेला नाही हे सांगितले. त्याने सगळे लक्षपूर्वक ऐकले. दोन दिवसांनी एका संयोजकाचा मला फोन आला: "सर, त्या गाण्यातली बासरी तुम्ही म्हणे फार भारी दुरुस्त केली. आमचंही एक काम आहे." मी त्यालाही सगळे पुन्हा सांगितले. तोही हो हो म्हणाला. यंत्राने माणूस सुधारला ही गोष्ट लोकांना चटकन पटते. माणसासाठी यंत्राला जागा बदलावी लागली हे दहा वेळा सांगूनही कानावरून जाते. यात मूर्खपणापेक्षा सोय अधिक आहे, असे माझे मत होत चालले आहे, कारण वादक चुकीचा ठरला की त्याचे मानधन कमी करता येते, आणि खोलीचे तापमान चुकीचे ठरले तर जनरेटरचा खर्च करावा लागतो.

गाणे चॅनेलवर चढले तेव्हा खालच्या श्रेयनामावलीत ड्रोनवाल्याचे नाव होते, बासरीवादकाचे नव्हते. मी कळवल्यावर ते घातले गेले, शेवटच्या ओळीत आणि आडनाव चुकवून. पावसाळ्यात गुरुजींना तुरळक कामे आली. आम्ही आता मे महिन्यात बासरी सकाळी सातला घेतो, पेटी त्याच खोलीत त्याच तासाला वाजवून घेतो, आणि एसी बंद पडला तर काम थांबवतो. भाड्याच्या पावतीवर तशी अटच छापली आहे.

यंदा त्याच निर्मात्याचे नवे गाणे आले. सोबतच्या यादीत बासरीपुढे "कीबोर्डवर" असे लिहिले होते. गुरुजी मोकळे आहेत, सकाळची वेळ देतो, जास्तीचे भाडे घेत नाही, असे मी फोनवर म्हटले. "नाही सर," तो म्हणाला, "मागच्या वेळेसारखा तुम्हाला त्रास नको."

ते गाणे मी अजून हाती घेतलेले नाही. आगाऊ रक्कम माझ्याकडे आहे, आणि या आठवड्यात मला त्याला काहीतरी उत्तर द्यावे लागणार आहे.