बॅनरवर मोठी, पाटीवर नाही

शुक्रवार

धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडशाला नाटक कंपन्यांच्या ऑफिसांपुढे गावोगावच्या मंडळांची गर्दी उसळते. आज आम्हीही यंदाचं नाटक ठरवायला गेलो होतो. नाटकाचं नाव, लेखक, विषय हे सगळं मागाहून. आमच्या अध्यक्षांचा पहिला प्रश्न, "हिरोईन कोन हाय?" मग फोटो निघाले, गेल्या हंगामात कुठल्या गावात तिकीट कसं फुटलं ते ऐकवून झालं, बॅनरवर तिचा फोटो केवढा घ्यायचा तेही ठरलं. सर्वांत मोठा तिचाच. शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, इनामसुद्धा तिच्या खाली.

मला मात्र सारखी बिनोदिनी दासी आठवत होती. सध्या रात्री तिचंच वाचतो आहे. इकडे तिचं नाव घेतलं तर कुणी ओळखणार नाही, आणि त्यात नवल नाही. ती कलकत्त्याची नटी, तीही दीडशे वर्षांपूर्वीची.

मराठी नाटक 1843 साली सांगलीत उभं राहिलं ते पुरुषांनीच लुगडी नेसून, आणि पुढे कितीतरी वर्षं तसंच चाललं. आपल्या झाडीपट्टीतही तेच. आमच्या मोठेबाबांनी द्रौपदी केली होती. मिशी उतरवली म्हणून आजी कितीक दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती, असं सांगतात. बंगालात मात्र 1873 सालीच बेंगॉल थिएटरनं बायका रंगमंचावर आणल्या. पण कुठल्या? घरंदाज म्हणवणारी कुणी येईना, म्हणून वेश्यावस्तीतल्या. त्यांच्या अभिनयाला टाळ्या आणि त्यांच्या जन्माला नाकं मुरडणं, दोन्ही एकाच प्रेक्षकाकडून.

बिनोदिनी त्याच वस्तीतली. घरात भाड्यानं राहणाऱ्या एका गाणारणीकडे गाणं शिकली. 1874 साली ग्रेट नॅशनल थिएटरमध्ये शिरली, वय अकरा-बारा, पगार महिना 10 रुपये. पहिली भूमिका द्रौपदीच्या दासीची. पुढं नाटककार-दिग्दर्शक गिरीशचंद्र घोष यांच्या तालमीत ती इतकी वर आली की 'मेघनादवध'मध्ये एकट्या बाईनं सात भूमिका केल्या. आमच्याकडे एका बाईला दोन भूमिका दिल्या तर साडी बदलायला वेळ नाही म्हणून मध्ये गाणं घालावं लागतं!

रविवार

काल झोप आली नाही. गुरमुख रायचं प्रकरण वाचून.

बिनोदिनी तेव्हा काम करायची त्या नॅशनल थिएटरचा मालक प्रतापचंद जहुरी. बिनोदिनी रजेवर काशीला गेली, तिथं आजारी पडली, आणि यानं रजेचा पगार द्यायला नकार दिला. आधीच कुरबुर होती, त्यात ही भर. गिरीशबाबू आणि मंडळींनी स्वतःचं थिएटर काढायचं ठरवलं. पैसा कुठाय? गुरमुख राय नावाचा तरणा मारवाडी तयार झाला, पण त्याला बिनोदिनी हवी होती. म्हणजे तिनं आधीच्या आश्रयदात्याला सोडून याच्याकडे यायचं. मंडळींनी तिला गळ घातली. ती कबूल झाली. मधेच गुरमुखनं तिला सांगितलं, थिएटरचा नाद सोड, मी तुला रोख 50,000 देतो. त्या काळातले पन्नास हजार. तिनं ते नाकारलं, थिएटरच बांध म्हणाली.

बीडन स्ट्रीटवर बांधकाम सुरू झालं. तालीम संपली की ही तिथं जायची आणि मातीच्या टोपल्या स्वतः वाहायची. तिला वचन होतं की थिएटरला तिचं नाव लागेल, निदान त्यातलं 'बी' हे अक्षर तरी. मंडळी नोंदणी करून परत आली. हिनं उत्सुकतेनं विचारलं, काय नाव दिलंत? उत्तर आलं, 'स्टार'.

बाजारातल्या बाईच्या नावाचं थिएटर, मग भले लोक येणार नाहीत, हे कारण. तीच बाई 21 जुलै 1883 ला त्याच थिएटरात पहिल्या नाटकात सतीच्या भूमिकेत उभी राहिली, आणि भले लोक तिलाच पाहायला आले.

गुरमुखही फार टिकला नाही. घरच्यांचा दबाव, तब्येत. जाताना त्यानं तिला वाटा द्यायची तयारी दाखवली, तर गिरीशबाबूंनीच तिला त्यापासून परावृत्त केलं. थिएटर 11,000 रुपयांत विकलं गेलं, मालक झाले चार. चौघेही पुरुष, चौघेही तिच्याच गोटातले. परक्यानं फसवलं असतं तर मला इतका राग आला नसता.

बुधवार

मंडळाच्या बैठकीत विषय काढला. आपल्या गावच्या रंगमंचावर कोनशिला आहे, तिच्यावर आमदार, सरपंच, देणगीदार. ज्या बायांच्या नाटकांना तिकिटं फुटून ते सिमेंट आलं, त्यांच्यापैकी एकीचंही नाव का नसावं? एक जण हसून म्हणाला, "मंग त्या तबल्यावाल्याचंबी टाका ना गा!" सगळे हसले, मीही हसलो. मुद्दा चुकीचा नव्हता त्याचा. पण बॅनरवर तबलावाला मोठा नसतो. बॅनर सकाळी उतरतो आणि कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो. नाव देणं तेवढ्यापुरतंच परवडतं आपल्याला.

शनिवार

'चैतन्यलीला' नाटकात बिनोदिनीनं चैतन्य महाप्रभू केले. 21 सप्टेंबर 1884 ला रामकृष्ण परमहंस ते नाटक पाहायला आले आणि नंतर तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तिच्याबद्दल लोकांना काही ठाऊक असलंच तर एवढंच असतं. 1887 च्या सुरुवातीला, चोविशीच्या आसपास, तिनं रंगमंच सोडला तो कायमचा. पुढं मुलगी झाली. तिला शाळेत घालायचं म्हटलं तर तिच्या जन्मामुळे शाळेनं दार लावलं. ती लेकरू वयातच गेली. बिनोदिनी 1941 पर्यंत जगली. चोपन्न वर्षं, रंगमंचाशिवाय.

2024 च्या शेवटी कलकत्त्याच्या स्टार थिएटरला तिचं नाव देण्याचं जाहीर झालं. बातमी वाचून बरं वाटलं, मग नीट हिशेब लावला. बीडन स्ट्रीटवरचं थिएटर पुढं पुन्हा विकलं गेलं आणि स्टारची मंडळी 1888 साली कॉर्नवालिस स्ट्रीटवरच्या नव्या इमारतीत गेली. नाव लागलं ते या दुसऱ्या इमारतीला. तिनं माती वाहिली ती इमारत आता नाही. या दुसरीत तिनं कधी काम केलं नाही. ती उघडली तेव्हा तिनं नाटक सोडून वर्ष उलटलं होतं.

तिचं आत्मचरित्र 'आमार कथा' 1912 चं. प्रस्तावना गिरीशबाबूंनी लिहून दिली. तिला ती पटली नाही. घडलेलं खरं त्यात आलंच नाही, पुन्हा लिहून द्या, म्हणाली. अप्रिय सत्य नेहमी सांगायचं नसतं, अशी त्यांनी तिची समजूत घातली. मग ते वारले. दुसऱ्या आवृत्तीत तिनं ती प्रस्तावना घेतली, गुरू म्हणून मान ठेवून. मी असतो तर घेतली नसती. आणि घेतली असतीच, तर तिच्या शेजारी त्या चार मालकांची नावं छापली असती.