डाव्या बाजूचे दात

काजूचा हंगाम संपला की मिरगाआधी भाटातल्या, म्हणजे बागायतीतल्या, पडलेल्या झाडांचा निकाल लावावा लागतो. एकदा पाऊस लागला की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात कुणाचं काही चालत नाही. यंदा मात्र माझी चेनसॉ, म्हणजे दातेरी साखळीची यांत्रिक करवत, ओंडक्यात सरळ खाली जाईना. अर्ध्यावर गेली की उजवीकडे वळायची. मी आधी मशीनला नावं ठेवली, मग काजूच्या लाकडाला.

शेजारचे मेस्तकाका गडग्यावरून बघत होते. आले, पण मशीनकडे ढुंकूनही न बघता त्यांनी खालचा भुसा चिमटीत घेतला.

"पीठ दळतोस की लाकूड कापतोस?"

धार असलेली चेन खोबऱ्याच्या किसासारख्या कपच्या काढते, बोथट झाली की धुरळा. मग आपण जोर देतो, चेन तापते, आणि कापतंय कोण, मशीन की आपले खांदे, हेच कळेनासं होतं. बोथट कशानं झाली ते मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी फांदी कापता कापता टोक चिऱ्याला लागलं होतं. अगदी क्षणभरच! पण तेवढंही पुरतं.

मी कानस काढून दाखवली. गोल, ४.८ मिलिमीटरची, म्हणजे माझ्या चेनीला हवी तीच. "धार लावतो की मी अधूनमधून." काकांनी चेन हातानं फिरवत दात बघितले. एकूण ३२. एक डावा, एक उजवा, असे आळीपाळीनं १६-१६. उजवे चकचकीत होते. डाव्यांच्या कडेवर उजेड पडला की पांढरी रेघ चमकत होती. धार असती तर ती रेघ दिसली नसती.

आता खरं सांगायचं तर, उजव्या दातांना कानस लावताना माझा हात आपोआप चालतो. ३० अंशांत तिरपी धरायची, आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलायची. डाव्यांसाठी पलीकडे जाऊन मनगट वाकडं करावं लागतं, म्हणून मी तिकडे दोन हात मारून उठायचो. धार एकाच बाजूला, त्यामुळे करवत तिकडेच ओढणार. काकांनी एवढंच सांगितलं, "हात मोजायचे. इकडे चार, तर तिकडेही चार." आणि सगळ्यांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. तो आखूड दात उजवीकडचाच निघाला. लाड झालेलेच झिजले होते.

दरेक दाताच्या पुढे एक बुटका खुंट असतो. दात लाकडात किती शिरेल ते तो ठरवतो. दात झिजून खाली येतो, खुंट मात्र होता तिथेच राहतो, म्हणून त्यालाही अधूनमधून चपट्या कानशीनं उतरवावं लागतं. माझ्या चेनीत दोघांच्या उंचीत ०.६५ मिलिमीटरचा फरक हवा. जास्त उतरवला तर करवत हिसके देते. मी त्याला आजवर हातच लावला नव्हता. बारची, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीची, खाच साफ करणं, तेल बघणं, चेन गार असताना ताण तपासणं, हे मी करत होतो; त्यात काही विशेष नाही.

चहा घेताना मी काकांना जोसेफ कॉक्सची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या ओरेगॉनचा लाकूडतोड्या. १९४६ मध्ये त्याला तोडलेल्या झाडाच्या बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी दिसली. तिचे जबडे डावी-उजवी करत लाकूड कुरतडत होते. त्यावरून त्यानं दुसऱ्या वर्षी नव्या घडणीची चेन बाजारात आणली. आजच्या चेनी तिच्याच वंशातल्या.

"म्हणजे भिरूड!" काका म्हणाले. आंब्याचं खोड पोखरणाऱ्या त्या किड्यानं त्यांचं एक कलम खाल्लं आहे, त्यामुळे त्यांना अळीचं कौतुक वाटायचं काही कारण नव्हतं. जरा वेळानं म्हणाले, "त्याला रे कानस कोण लावतो?"

संध्याकाळी पडवीत चेनसॉ मांडून बसलो. हातमोजे घातले, डाव्या बाजूला गेलो आणि पहिल्या दातापासून मोजायला सुरुवात केली. नवव्याला चुकलो, पुन्हा एकपासून.