नान्नजला जरूर जावे, पण माळढोकाच्या भरवशावर नव्हे

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने सुमारे 20 किलोमीटर गेले की नान्नज येते. तिथल्या माळढोक अभयारण्यात माळढोक पक्षी दिसणारच, अशा समजुतीने कोणी निघत असेल तर त्याने आधीच मनाला आवर घालावा. आम्हा चौघांना गाडी देणाऱ्याने "परवाच एक नर रस्त्यालगत उभा होता" असे छातीठोकपणे सांगितले आणि त्या बळावर ठरलेल्या 2,500 रुपयांचे 3,200 रुपये केले. जगात उरलेले माळढोक दीडशेच्या आतबाहेर असून त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आणि 15 किलोपर्यंत भरणाऱ्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नसल्याने तो उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. हे सारे ठाऊक असूनही मी वरचे 700 रुपये मोजले, तेव्हा दोष निम्मा माझाच.

नकाशा पाहूनही फसगत होते. 1979 साली जाहीर झालेले हे अभयारण्य मुळात साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होते. त्यात गावे, शेते, वस्त्या असे सारेच आल्यामुळे पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणण्यात आले, आणि तरीही त्यात खाजगी शेतजमीन भरपूर आहे. म्हणून "अभयारण्य कुठे आहे" असे विचारत न फिरता नान्नजच्या वनविभागाच्या राखीव गवताळ कुरणाचीच चौकशी करावी आणि परवानगी घेऊनच आत पाऊल टाकावे.

आता कुरणापर्यंत पायी तुडवलेल्या दोन किलोमीटरांविषयी. टायरांचे निमित्त सांगून चालकाने गाडी अलीकडेच थांबवली आणि नोव्हेंबरअखेरच्या उन्हात, सकाळचे अकरा वाजत असताना, आम्ही कुरणाकडे पायी निघालो. वाटेत सावली म्हणून नाही. तेही सोसले असते, पण वाटेच्या दोन्ही अंगांना कुसळी गवत पिकून उभे होते. कुसळाला पुढे सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले बारीक केस आणि शेवटी पीळ भरलेली शेपटी असते. ओल लागली की पीळ उलगडतो आणि दाणा मातीत शिरतो. घामाने ओला झालेला मोजा त्याला मातीसारखाच. अर्ध्या तासात माझ्या डाव्या घोट्याभोवती चाळीसएक कुसळे रुतली होती. ती मागे ओढली की केस अडकून कापड फाटते, त्यामुळे प्रत्येक कुसळ आतल्या बाजूने, पुढे ओढूनच काढावे लागते. लोकरीचे मोजे आणि जाळीचे बूट घरीच ठेवावेत, गुळगुळीत कापडाची पायपट्टी बांधावी आणि चिमटा सोबत घ्यावा. माणशी दोन लिटर पाणी न्यावे. आमचे एक लिटर साडेबारालाच संपले.

पोहोचण्याची वेळही चुकली होती. सूर्य वर आल्यावर माळावरची हवा थरथरू लागते आणि चांगल्या दुर्बिणीतूनही दूरचा काळवीट पाण्यात पाहिल्यासारखा हलतो. उजाडताना तिथे असावे, नाहीतर चारनंतर जावे. मधला वेळ वाया गेलाच म्हणून समजावे.

काळवीट मात्र भरपूर दिसले. त्यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही, कारण ते रस्त्यावरूनही दिसतात. सापमार गरुड दिसला, धाविक पक्ष्यांची एक जोडी दिसली आणि खोकडाचे नुसते शेपूट दिसले. माळढोक दिसला नाही. पावसाळ्यात, विणीच्या काळात, माळढोकाचा नर गळा फुगवण्याचा सोहळा करतो खरा, पण त्याही आशेवर कोणाला जादा पैसे देऊ नयेत.

हिवाळ्यात नान्नजला जाण्याचे माझ्या मते खरे कारण भोवत्या पक्षी हे आहे. दूर उत्तरेकडून आलेले हे शिकारी पक्षी दिवसभर माळावर विखुरलेले असतात आणि मावळतीला रात्रीच्या मुक्कामासाठी गवतात एकेक करून उतरतात. गाडी ठरवतानाच सूर्यास्तानंतर अर्धा तास थांबण्याचे कबूल करून घ्यावे. आम्ही ते केले नव्हते. तिसरा भोवत्या गवतावरून खालून तरंगत आला तेवढ्यात मागून हॉर्न वाजू लागला. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.