हर्णैच्या वाळूवर टिकेल असा जुना फोन

हर्णै बंदरात मासळीचा लिलाव वाळूवरच होतो. होड्या काठापासून दूर नांगरतात, मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते, आणि एका व्यापाऱ्याच्या खरेदीचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे खवले चिकटलेल्या ओल्या हातांनीच भाव टिपणे, फोटो पाठवणे आणि पैसे चुकते करणे मला भाग पडते. साधा फोन येथे दोन हंगामांपलीकडे गेल्याचे मी पाहिलेले नाही, आणि नवा दणकट फोन माझ्या आवाक्याबाहेरचा होता.

पहिल्या खेपेस मी फसलो. 'आयपी ६८' (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) एवढेच वाचून घेतलेल्या वापरलेल्या फोनच्या कॅमेऱ्याच्या काचेआड तिसऱ्याच आठवड्यात दव धरले. दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडून दाखवला तेव्हा कळले, की स्क्रीन पूर्वीच कधीतरी बदललेली होती आणि कडेची चिकटपट्टी निम्म्याच भागात लावलेली होती. त्या आकड्यांतील ६ म्हणजे धूळ आत न शिरणे आणि ८ म्हणजे एक मीटरहून अधिक खोल पाण्यात, कंपनीने सांगितलेल्या वेळेपुरते, तग धरणे. परंतु ही चाचणी नव्या फोनची आणि गोड्या पाण्यातली असते. फोन एकदा उघडला आणि सील नव्याने नीट बसवले नाही, तर तो आकडा फक्त खोक्यावर उरतो.

म्हणून दुसऱ्या वेळी मी मॉडेलपेक्षा सील पाहत फिरलो. सॅमसंगचा एक्सकव्हर प्रो (२०२०) मला मनापासून आवडला होता, कारण त्याचे मागचे झाकण नखाने उघडते, ४,०५० एमएएचची बॅटरी घरी बदलता येते आणि आतली रबरी कडा डोळ्यांनी तपासता येते. नेमक्या त्या कडेच्या एका कोपऱ्यात वाळूचा कण रुतून रबर चिरलेले दिसले. विक्रेता म्हणाला, "दादा, एवढ्याने काय होतंय?" मी झाकण लावून फोन परत दिला.

ज्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्यावर एक सोपी चाचणी करता येते. दाब दाखवणारे ॲप उघडून स्क्रीनच्या मध्यभागी अंगठ्याने हलकेच दाबावे. सील घट्ट असेल तर आतली हवा कोंडून आकडा झटकन चढतो. खेडच्या एका दुकानात अशा फोनवर मी चार वेळा दाबून पाहिले, आकडा ढिम्म हलला नाही. फोन पाण्यात न बुडवताच उत्तर मिळाले, ही त्यातली सोय.

शेवटी रत्नागिरीत २०२१ सालचा नोकिया एक्सआर २० थेट पहिल्या मालकाकडून मिळाला, आणि तेथे चाचणीपेक्षा त्याचा इतिहास विचारणे अधिक उपयोगाचे ठरले. बिल होते, फोन कधी उघडलेला नव्हता, सिमच्या ट्रेवरचे रबर मऊ होते. *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलाशी ताडला, फोन चोरीचा नाही ना हे पाहायला 'केवायएम' लिहून तो क्रमांक १४४२२ या सरकारी क्रमांकावर एसएमएसने पाठवला, आणि मालकाने माझ्यासमोर आपले गूगल खाते काढून फोन रिकामा केल्यावरच पैसे दिले. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला, कारण खाऱ्या वाऱ्यात माइक आणि स्पीकरच्या जाळ्या आधी बुजतात. २४८ ग्रॅमचे वजन सदऱ्याचा खिसा ओढते, पण ओल्या बोटांचा स्पर्श त्याला कळतो आणि दोरी अडकवायला जागा आहे.

एक उणीव मी जाणूनबुजून पत्करली. सुरक्षेच्या अद्यतनांचे कंपनीचे आश्वासन चारच वर्षांचे होते, ती मुदत सरली आहे. म्हणून या फोनला मी मुख्य बँक खाते जोडलेले नाही, लिलावापुरती रक्कम असलेले वेगळे खाते जोडले आहे.

लिलाव आटोपला की फोन गोड्या पाण्याने हलकेच धुऊन पुसतो. ओल्या खाऱ्या पोर्टात वीज सोडली तर आतल्या पिना झपाट्याने गंजतात, त्यामुळे रात्री मी वायर लावतच नाही. तारेविना चार्ज करणाऱ्या चकतीवर तो ठेवून देतो आणि पोर्ट सकाळपर्यंत वाळत राहतो.